पावतीतला मुका 'पी'

सहामाही परीक्षा आटोपली की घरात चार दिवस शांतता नांदेल, अशी माझी समजूत होती. पण यंदा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशीच नातीनं दप्तरातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ती सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. शाळेत स्पेलिंगची स्पर्धा ठरली होती आणि तिच्या तयारीसाठी बाईंनी शंभर शब्दांची यादी दिली होती. आई-वडील दोघंही नोकरीवर. तेव्हा शब्द विचारण्याची कामगिरी बिनपगारी आजोबांकडे आली, हे ओघानंच आलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी 'कर्नल' आला आणि गाडी रुळावरून घसरली. उच्चारात 'र' स्पष्ट ऐकू येतो आणि स्पेलिंगमध्ये तर त्याचा पत्ताच नाही! सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल. तीनदा चुकल्यावर तिनं कागद भिरकावला. "आजोबा, मी नाव काढून घेणार. चुकलं की सगळ्यांसमोर घंटी वाजवतात. मला नाही ती घंटी ऐकायची."

मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. कारण ती घंटी मी ऐकली होती.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' असा घोष करत आम्ही ती भाषा शिकलो. स्पेलिंग ही समजून घेण्याची गोष्ट असते, असं आम्हांला कुणी सांगितलं नाही. ती पाठ करण्याची आणि न झाल्यास छडी खाण्याची गोष्ट होती. त्या पुंजीवर पुढे मी बँकेत चिकटलो. तालुक्याच्या गावची शाखा. मुख्य कार्यालयाला पाठवायच्या एका पत्रात मी 'रिसीट' हा शब्द लिहिला. त्यात आय आणि ई यांची अदलाबदल झाली आणि 'पी' तर मी गाळलाच. साहेबांनी तांबड्या शाईनं वर्तुळ काढलं आणि भर बाजाराच्या दिवशी, खातेदारांनी हॉल गच्च भरलेला असताना, ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. माणसं हसली. त्यांतल्या निम्म्यांना आपण कशाला हसतोय हेही ठाऊक नसावं. त्यानंतर कितीतरी महिने, जुन्या फायलीतलं एखादं पत्र समोर ठेवल्याखेरीज मी तो शब्द लिहिला नाही. अख्खी नोकरी पावत्या लिहिण्यात गेली, पण हा 'पी' तिथं करतो काय, हे कुणाला विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

पन्नाशीनंतर एका जाडजूड शब्दकोशात त्याचं उत्तर सापडलं. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा बोलण्यात 'पी' नव्हताच. पुढे विद्वानांना वाटलं, याचं मूळ लॅटिन, त्या मुळात 'पी' आहे, तेव्हा तो लिहिण्यात तरी दिसला पाहिजे. त्यांनी तो आणून बसवला. लोकांनी उच्चार बदलला नाही, आणि 'पी' मुकाच राहिला. गंमत अशी की 'डिसीट' म्हणजे फसवणूक, हा शब्द त्याच लॅटिन घराण्यातला. त्याच्यावर मात्र 'पी' लादला गेला नाही. कर्जाला 'डेट' म्हणतात, त्यातला 'बी' असाच पंडितांनी घुसवलेला. व्हाउचरवर रोज 'डेबिट' लिहिताना मी त्या 'बी'चा उच्चार करत होतो आणि 'डेट'मध्ये तोच 'बी' गिळत होतो. दोघं सख्खे चुलत भाऊ आहेत, हे नोकरीत कधी लक्षात आलं नाही.

हे सगळं नातीला सांगितलं. साहेबांच्या तांबड्या शाईसकट. ती आधी हसली, मग म्हणाली, "मग कर्नलमध्ये कोण घुसलं?" आम्ही दोघं शोधायला बसलो. मूळ शब्द इटालियन, त्यात 'एल'. फ्रेंचांच्या तोंडी गेल्यावर त्याचा झाला 'आर'. इंग्रजीत दोन्ही रूपं काही काळ नांदली आणि शेवटी तडजोड झाली ती अशी, की लिहायचं एकाचं आणि बोलायचं दुसऱ्याचं. त्या दिवसापासून तिचा कर्नल चुकला नाही.

स्पेलिंगची ही हौस मूळची अमेरिकेतली. नोआ वेबस्टर यांनी 1783 मध्ये तिथल्या मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. 'टंग'चं स्पेलिंग टी-यू-एन-जी करावं, अशा त्यांच्या काही सूचना लोकांनी नाकारल्या, पण 'कलर'मधला 'यू' गाळण्याची त्यांची सूचना तिकडे रुजली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून एकाचं काम उरकायचं, त्याला तिथं 'बी' म्हणत. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक असते तसंच काहीसं. त्यावरून स्पेलिंगच्या सामन्यांनाही 'स्पेलिंग बी' म्हणू लागले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1925 मध्ये झाली. अंतिम फेरीत 9 मुलं होती, आणि 11 वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर जिंकला तो 'ग्लॅडिओलस' या शब्दावर. आपल्या फुलवाल्याकडे दिसणारंच ते फूल. पानं तलवारीसारखी, म्हणून लॅटिनमधल्या तलवारीवरून त्याला हे नाव मिळालं.

1985 मध्ये बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा 'मील्यू' या शब्दावर विजेता ठरला. 1999 मध्ये नूपुर लाला जिंकली. त्यानंतरचे बहुतेक विजेते भारतीय वंशाचेच आहेत. 2019 मध्ये तर 20 फेऱ्या होऊनही 8 मुलं हटेनात. यांना अडवतील असे शब्द आता संपत आले, असं स्पर्धेच्या व्यासपीठावरूनच सांगावं लागलं आणि आठही जणांना विजेतेपद दिलं गेलं. त्या आठांतली सात मुलं भारतीय वंशाची होती.

यात पाठांतर आहेच. पैसे मोजून लावलेल्या शिकवण्या आहेत, आई-बापांची महत्त्वाकांक्षा आहे, आणि घंटी वाजल्यावर डोळ्यांत येणारं पाणीही आहे. पण त्या स्पर्धेत मुलाला प्रश्न विचारायचा हक्क असतो, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शब्दाचा अर्थ काय? तो कोणत्या भाषेतून आला? वाक्यात वापरून दाखवाल का? ज्या शब्दकोशातून हे शब्द निघतात त्यात साडेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत. त्या सगळ्या कोण घोकणार? ग्रीक म्हटलं की अमुक अक्षरं, फ्रेंच म्हटलं की तमुक, असा माग काढत मूल न पाहिलेल्या शब्दापर्यंत पोचतं. 2021 मध्ये झायला अवाँगार्ड या मुलीला 'मुराया' शब्द आला. यात 'मरे' हे नाव दडलंय का, असं तिनं विचारलं, आणि ते दडलेलं होतंच. मरे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून या प्रजातीला ते नाव पडलं आहे. आपल्याकडची कुंती त्या प्रजातीतली. आपल्या फोडणीतला कढीपत्ताही वर्षानुवर्षं त्याच नावाखाली नोंदला गेला.

शब्द असे घराघरांतून फिरतात आणि प्रत्येक घरचे कपडे चढवतात. 2019 च्या आठांपैकी एकाचा शब्द होता 'बूगनविलिआ'. बूगनविल हा फ्रेंच दर्यावर्दी. आपण मराठी माणसांनी त्या झाडाचा वेल पाहिला आणि सरळ 'बोगनवेल' करून टाकलं. इंग्रजांनी आपल्या मुंगसाचं असंच केलं. 'मंगूस'चं मूळ शब्दकोशात मराठी दिलेलं असतं, पण त्याच्या शेपटाला त्यांनी आपला 'गूस', म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, चिकटवला. म्हणून 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होत असलं, तरी मुंगसाचं तसं करून चालत नाही. हे ऐकून नात दिवसभर घरात 'मंगीस, मंगीस' करत हिंडली.

इंग्रजीला हसताना आपणही जरा आरशात पाहावं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 मध्ये आले, पुढे त्यांत भर पडली, तरी आपली ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती गेलेली नाही. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' आपण वेगवेगळा उच्चारतो आणि लिहितो एकच. खेड्यातून आलेल्या मुलानं 'पाणी'ला 'पानी' लिहिलं की हसणारे मास्तर आपणही पाहिले आहेत. चूक दाखवावी, दाखवलीच पाहिजे. पण हसं झालेलं मूल त्या शब्दाशी कायमचं वैर धरतं, आणि पुन्हा काही विचारायला धजत नाही.

नातीनं नाव काढून घेतलं नाही. स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिला 'लेफ्टनंट' आला, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. पण बँकेच्या पत्रांतला 'इन ल्यू ऑफ', म्हणजे 'च्या ऐवजी', मी तिला सांगितला होता. तोच एल-आय-ई-यू 'मील्यू'त आहे आणि लेफ्टनंटमध्येही. दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा, तो लेफ्टनंट. तिनं न अडखळता सांगितलं. पुढच्या फेरीत मात्र 'डायरिया' आला. शब्द उच्चारताच मुलं फिदीफिदी हसली. तिचा चेहरा लाल झाला, तिनं घाईघाईनं स्पेलिंग म्हटलं, त्यात एक 'आर' राहिला. घंटी वाजली.

घरी येताना रिक्षात ती बराच वेळ बाहेर पाहत होती. मीही काही बोललो नाही. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, तो ग्रीक होता ना? लोगोरियासारखाच. त्यातही दोन आर आहेत."

"हो. नूपुर लाला ज्यावर जिंकली तो."

"विचारलं असतं तर आलं असतं मला. सगळे हसले, म्हणून विचारलंच नाही."

मला इतक्या वर्षांपूर्वीचा तो बाजाराचा दिवस आठवला. "पुढच्या वेळी विचार," मी म्हणालो. रिक्षावाल्यानं मीटर थांबवलं. पैसे देताना मी सवयीनं पावती मागणार होतो. पण नातीकडे पाहिलं, आणि आम्हां दोघांनाही हसू आवरेना.