मूळव्याध: लाज सोडू, काळजी घेऊ

बैठकीत कर्जाचं आपण मोकळेपणानं बोलतो, पण मूळव्याधीचं नाव निघालं की सगळ्या खाली बघतो. अंधार पडेपर्यंत शौच दाबून ठेवायची, पाणी कमी प्यायचं, यानं पोट साफ होत नाही. मग कुंथावं लागतं आणि तिथल्या शिरा सुजतात. गरोदरपणात त्रास आणखी वाढतो.

घरी करण्यासारखं बरंच आहे. रोज पालेभाजी, भाकरी, भरपूर पाणी. रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. पसरट टबात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसलं की ठणका कमी होतो. सुरणाला संस्कृतात ‘अर्शोघ्न’, म्हणजे मूळव्याध घालवणारा, म्हणतात. चिंच-आमसूल घालून नीट शिजवून खावा. पण नुसत्या सुरणावर विसंबू नये. बिब्बा मात्र तिथे लावू नका, कातडी भाजते.

रक्त पडलं तर ‘उष्णता झाली’ म्हणून गप्प बसायचं नाही. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं, आणि सतत गेलं तर अंगातलं रक्त कमी होतं. आरोग्य केंद्रात दाखवा. एकटीला संकोच वाटला तर सांगा, आपण दोघी-तिघी मिळून जाऊ.