कंसातले नाव

वसईतील होळी परिसरातल्या एखाद्या वाडीचा जुना हस्तलिखित सातबारा हाती घेतला, तर कब्जेदाराच्या रकान्यात प्रथम नजरेत भरतात ते कंस. जो खातेदार निवर्तला अथवा ज्याने जमीन विकली, त्याचे नाव नाहीसे न करता तलाठ्याने त्याला कंस केलेला असतो, खाली नव्या धन्याचे नाव आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घातलेला असतो. तो क्रमांक धरून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडला, की बदल कशाने व कोणाच्या वर्दीवरून झाला ते उलगडते.

संगणकाच्या ऑब्जेक्ट डेटाबेसलाही हेच, जुने न पुसता नवे नोंदणे, साधावे लागते. तेथे प्रत्येक वस्तूस जन्मतःच एक ओळख मिळते व गुणधर्म पालटले तरी ती ढळत नाही, जशी 1 ऑगस्ट 2014 रोजी वसईचा जिल्हा ठाण्याऐवजी पालघर झाला तरी वाडी तीच राहिली. मात्र काळ दोन असतात: प्रत्यक्ष घडण्याचा आणि दप्तरात नोंद होण्याचा. समजा, खातेदार 1998 साली वारला आणि वारसांची नोंद 2004 साली मंजूर झाली; तर 2001 साली वाडी वारसांची होती हे जितके खरे, तितकेच त्या साली दप्तरात मयताचेच नाव होते हेही खरे, आणि दप्तर पाहून त्या वेळी कोणी व्यवहार केला असेल, तर त्याच्या सचोटीचा निवाडा दुसऱ्या सत्यावरच करावा लागेल. म्हणून नोंदीच्या प्रत्येक आवृत्तीवर दोन्ही तारखा हव्यात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या 2011 च्या प्रमाणकाने या दोन्ही काळांना स्थान दिले.

खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. वाडीची नोंद खातेदाराच्या नोंदीकडे बोट दाखवते. त्या खातेदाराचा पत्ता पुढे बदलला, तर वाडीच्या जुन्या आवृत्तीने त्याच्या जुन्याच आवृत्तीकडे पाहिले पाहिजे, नाहीतर जुन्या चित्रात नवा पत्ता शिरतो. जागेच्या काटकसरीपायी खातेदाराची ती जुनी आवृत्ती पुसली, तर वाडीची निराधार होते. अशी पुसापुशी मला दप्तराशी केलेली बेइमानी वाटते. जुने झालेले स्वस्त, संथ साठ्यात हलवावे, पण त्याचा माग चालू दप्तरात राहू द्यावा. सरकारी अभिलेखागारात ‘अ’ वर्गाचे कागद कायम आणि ‘ब’ वर्गाचे 30 वर्षे ठेवतात, तेव्हा काय किती जपायचे हे कागद जुना होण्यापूर्वीच ठरलेले असते.

2020 पासूनच्या नव्या नमुन्यातील संगणकीकृत सातबाऱ्यावर कंसाऐवजी कमी झालेल्या नावावरून आडवी रेघ जाते. रेघेखालचे नाव वाचता येते.