तुमी खंयचे?

माझा लॅपटॉप पहिल्यांदा मेला तेव्हा मी एका दिवाळी अंकातल्या कथेच्या प्रुफांत अडकलो होतो. नायिकेचं नाव पान ७ वर वेगळं होतं आणि पान ११ वर वेगळं. जून संपत आला होता. गोव्यात मांद्र्याला पावसाने तीन दिवस ठाण मांडलं होतं. पडदा एकदम काळा झाला. सूचना नाही, आवाज नाही. बटण दाबलं तर चालू झाला, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही. आठवड्याभरात असं पाच वेळा झालं. मग एका सकाळी तो उठेचना. दिवा लागायचा, पंखा घुर्र करायचा आणि दोन सेकंदांत सगळं गप्प. चौथ्या-पाचव्या खेपेला कसाबसा सुरू व्हायचा.

मी जे केलं ते बहुतेक जण करतात. विंडोज पुसून नव्याने टाकलं आणि त्याच दिवशी नवा चार्जर आणला. दोन दिवस यंत्र गुणी मुलासारखं वागलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पैसे गेले ते गेले, पण विंडोज आपल्या पोटात ज्या नोंदी ठेवतं त्याही मी स्वतःच्या हाताने पुसल्या होत्या. पोलीस यायच्या आधी घर धुऊन काढावं तसं.

म्हापशात एका दुकानात यंत्र न उघडताच निकाल मिळाला, ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीची जागा ठरलेल्या आमच्या पेडणे तालुक्यातून मी मग छत्री, पिशवी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन निघालो. चोपड्याचा पूल, म्हापसा, अस्नोडा, मुळगाव करत डिचोली गाठली. तिथे चिप लेव्हलचं काम करणारा एक जण आहे असं एका शिक्षक मित्राने सांगितलं होतं. चिप लेव्हल म्हणजे बोर्ड बदलून न देता बोर्डावरचा बिघडलेला सुटा भाग शोधून बदलणारा.

बाजारातल्या एका गाळ्याचा मागचा अर्धा भाग एवढंच त्याचं दुकान. टेबलावर रबरी चटई, एका कोपऱ्यात हॉट एअरचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात लाल आकडे दाखवणारा पॉवर सप्लाय. त्याने माझ्या लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. विचारलं, “तुमी खंयचे?”

गोव्यात हा प्रश्न ओळख काढायला विचारतात. गाव, वाडा, कुळ, मग कोणीतरी समान नातेवाईक निघतो आणि कामाला सुरुवात होते. मी त्याच तयारीने मांद्रे म्हणून सांगितलं. पुढचा प्रश्न आला, “दर्यापासून किती लांब? आणि लॅपटॉप ठेवता कुठे?” तेव्हा कळलं की तपासणी सुरू झाली आहे. समुद्र पाच मिनिटांवर, टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली. त्याने एका जुन्या वहीत दोन शब्द लिहिले.

मग विचारलं, “बंद होतो म्हणजे कसा?”

कसा म्हणजे काय, बंद होतो! त्यावर त्याने प्रकार सांगितले. निळा पडदा येऊन पुन्हा सुरू होत असेल तर संशय रॅमवर, डिस्कवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर. ‘शटिंग डाउन’ अशी अक्षरं दाखवून रीतसर बंद होत असेल तर विंडोजच तो बंद करतंय. बॅटरी संपत आल्याचं त्याला वाटत असेल किंवा कोणी तशी सेटिंग केली असेल. आणि दिवा विझावा तसा क्षणात गेला, तर एकतर वीज आतपर्यंत पोचत नाही किंवा प्रोसेसरने उष्णतेमुळे स्वतःच फाशी घेतली. विंडोजच्या नोंदवहीत या शेवटच्या प्रकारासाठी ‘कर्नल-पॉवर ४१’ असा शेरा येतो. लोक तो आकडा घेऊन घाबरत येतात. त्याचा अर्थ मात्र एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. पंचनाम्यात ‘इसम मृतावस्थेत आढळला’ लिहितात, त्यातलाच प्रकार.

माझा दिवा विझावा तसा.

त्याने मागचं झाकण उघडलं. काढलेला प्रत्येक स्क्रू लॅपटॉपची बाह्यरेषा काढलेल्या पुठ्ठ्यावर त्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवला, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू भलत्या भोकात गेला तर बोर्ड फाटतो. बॅटरीची वायर सोडवली, रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासले आणि पुन्हा बसवली. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. तासभर चाललं. मी दोनशे रुपये दिले आणि परतीच्या बसमध्ये मित्राला त्याची स्तुती कळवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा काळा.

पुन्हा गेलो तेव्हा तो ओशाळला नाही, पण पैशांची गोष्टही काढू दिली नाही. “माझी चूक. एकाच वेळी तीन गोष्टी हलवल्या. कशाने चालू झाला ते मलाच कळलं नाही.” माझ्या विंडोज-चार्जरच्या पराक्रमाबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तो हसला. “म्हणजे आपण दोघे एका शाळेतले.”

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती आणि दुकानात यंत्रांची थप्पी लागली होती. माझं यंत्र रांगेत ठेवून मी बसून राहिलो. घरी जाऊन तरी काय करणार, प्रुफं त्या डब्यातच होती. त्या दिवशी आणि पुढच्या दोन खेपांत त्याच्या बाकावर बसून जे पाहिलं, त्यामुळे हा लेख.

माझ्या आधी एका वजनकाट्यावरचा लॅपटॉप होता. ट्रकांचा रस्ता, पत्र्याचं छप्पर. रोज दुपारी बारा-एकला बंद पडतो, तासाभराने आपसूक बरा होतो. “पंखा तर फिरतो,” मालकाचा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. पंखा खरोखरच फिरत होता, पण हवा पुढे जात नव्हती. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून बाहेरच्या कडेला येते. तिथे कंगव्याच्या दातांसारखे पातळ पत्रे असतात आणि पंखा त्यांच्यातून हवा फुंकतो. पंखा आणि कंगवा यांच्यामधल्या फटीत धूळ अडकते, ती बाहेरून दिसत नाही. त्याने पंख्याचे चार स्क्रू काढले, चिमट्याने त्या फटीतून एक पट्टी अलगद उचलली आणि कागदावर ठेवली. बोटभर लांब, लालसर तपकिरी, नमद्यासारखी घट्ट. पिळली असती तर रंग निघाला असता असं वाटलं.

“डिचोलीचं सोनं,” तो म्हणाला. २०१२मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मार्च २०१८पासून पुन्हा बंद झाल्या, तेव्हा या पट्ट्यांचा रंगही करडा झाला होता म्हणे. खाणपट्ट्यातल्या माणसांच्या फुप्फुसांचा विचार माझ्या मनात आला. मी तो बोललो नाही.

साफ करताना त्याने पंख्यात आधी आइसक्रीमची काडी अडकवली आणि मग ब्लोअर मारला. पंखा हवेने सैरावैरा फिरला तर स्वतःच डायनामो बनून बोर्डावर उलटी वीज सोडू शकतो. प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसून मटारएवढी नवी लावली. आधी कामाच्या ताणात तापमान ९८ अंशांवर जात होतं. बहुतेक प्रोसेसर शंभरीच्या आसपास आधी वेग कमी करून पाहतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजला न विचारता वीज तोडतात. आता आकडा ७१वर थांबला.

दुसरं यंत्र हरमलच्या एका गेस्ट हाउसचं. उघडलं तर रॅमच्या खाचेजवळ पालीचं अंडं. दुकानातला पोऱ्या ते काढायला झेपावला. “राव रे, आधी फोटो काढूया,” उस्ताद म्हणाला. गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय पटत नाही. पावसाळ्यात उबदार, कोरडी जागा पालीला हवी असते, मुंग्यांनाही.

मग माझं. या वेळी त्याने एकच गोष्ट हलवायची असं ठरवलं होतं. बॅटरी काढून ठेवली आणि १९ व्होल्टचा पॉवर सप्लाय थेट चार्जरच्या भोकातून जोडला. बटण दाबलं. लाल आकडे चढू लागले, ०.०२, ०.३, ०.७, १.१. बोर्ड जिवंत आहे की मेलेला हे तो या आकड्यांवरून ओळखतो, वैद्य नाडीवरून ओळखतो तसं. आकडा हललाच नाही तर एक रोग, एकदम चारवर उडाला तर कुठेतरी शॉर्ट, चढून घसरला तर तिसरंच काही. माझा आकडा नीट चढला आणि तिथे टिकला. पंधरा मिनिटं, अर्धा तास. मला वाटलं, डॉक्टरसमोर खोकला थांबतो तसं होणार.

तेव्हा त्याने लाखमोलाचा प्रश्न विचारला. “बंद व्हायच्या आधी पडदा मंद होतो?”

मी डोळे मिटले. होत होता. निमिषभर उजेड कमी व्हायचा आणि मग काळोख. दर वेळी पाहिलं होतं, एकदाही नोंदवलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने.

पडदा मंद होतो याचा अर्थ, यंत्राला वाटलं चार्जर काढला, म्हणून ते बॅटरीवर गेलं. आणि बॅटरीने त्याच क्षणी मान टाकली. म्हणजे बिघाड एक नव्हता, दोन होते. विंडोज बॅटरीचा अहवाल देतं, तो त्याने काढून दाखवला. मूळ क्षमता ४१,००० मिलिवॉट-अवर, आताची ९,२००. त्यातही जुन्या बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो. ती ३५ टक्के दाखवते, पण एकदम भार आला की तिचा दाब कोसळतो आणि ३५चे शून्य होतात. ती धडधाकट होती तोवर चार्जरची वाट मधूनमधून तुटत असली तरी मला पत्ता लागला नाही, ती सांभाळून घेत होती. घरातलं एखादं माणूस गेल्यावर ते काय काय निस्तरत होतं ते कळतं, तशी ती दोन्ही दुखणी एकाच महिन्यात बाहेर आली.

आता वाट कुठे तुटते ते शोधायचं. त्याने चार्जरच्या भोकातून बोर्डाकडे जाणाऱ्या छोट्या केबलला प्लास्टिकच्या काडीने स्पर्श केला. लाल आकडा शून्य. काडी उचलली, बटण दाबलं, पुन्हा १.१. पहिल्या भेटीत रॅम काढताना त्याचा हात या केबलला लागला होता. यश खोडरबराचं नव्हतं. मग मल्टिमीटर. यंत्र चालू असताना जोडाच्या अलीकडे १९.४ व्होल्ट, पलीकडे १७.८. निरोगी जोडात हा फरक जेमतेम दिसतो. इथे दीड व्होल्टाहून जास्त दाब शेंगदाण्याएवढ्या प्लास्टिकमध्ये हरवत होता. पूर्ण भाराला दोन अँपिअर वाहिले तर तीन वॉटांहून जास्त होतात. एक लहानसा एलईडी दिवा तिथे रात्रंदिवस जळत असल्यासारखं.

जोड उपसून त्याने भिंगाखाली धरला आणि मला बघायला लावलं. पांढरं प्लास्टिक एका बाजूने चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. पिनांच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखी फुलं, समुद्राकडच्या घरातल्या पितळी कड्यांवर येतात तशी.

“पण वर्षभर तिथेच असतो, जूनमध्येच का?” मी विचारलं.

“घरात मीठ कशात ठेवता?”

बरणीत. आणि पावसाळ्यात बरणीत तांदळाचे चार दाणे. त्याने पुढे काही सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. वाऱ्याबरोबर आलेले खारे कण डिसेंबर-जानेवारीत पिनांवर नुसते बसून असतात. जूनमध्ये त्यांचं खारं पाणी होतं, त्यात वीज वाहते आणि तांबं खाल्लं जातं. खिडकी मी हौसेने उघडी ठेवत होतो, पावसाचा वास येतो म्हणून.

नवी केबल म्हापशाहून मागवली. बॅटरीला आठवडा लागला. दरम्यान त्याने बोर्डाचा तो कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या टूथब्रशने घासून काढला आणि कोमट हवेखाली वाळवला. आधी फक्त केबल बसवून दोन दिवस चालवून पाहिलं, मग बॅटरी. मी घाई केली तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर जाऊन चहा घेतला.

टेबल आता आतल्या खोलीत आहे. तिथून पाऊस दिसत नाही. वास मात्र येतो. चवथीच्या आदल्या रात्री, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं ओसरीवर पडलेली आणि मी शेवटची प्रुफं वाचत असताना, पडदा मंद झाला. मी दोन्ही हात कीबोर्डवर दाबून धरले, जणू तो पळून जाणार होता. एक सेकंद, दोन, पाच. अक्षरं जागच्या जागी होती. मग शेजारच्या घरातून हाक आली, “लायट गेली रे!”