मोबाईल खाली, मान वर. पण रस्ता कोणाचा?

“मृत इसम मोबाईलवर बोलत रस्ता ओलांडत होता.” मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलांकडून हा बचाव आम्ही हल्ली वारंवार ऐकतो. पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला की भरपाई कापली जाते. माणूस जातो तो जातोच, वर त्याच्या कुटुंबाच्या तोंडचा घासही जातो.

म्हणून प्रथम आपल्याच माणसांना सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे येते. मेसेज वाचायला दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी २८ मीटर जवळ आलेली असते! रस्ता ओलांडताना फोन खिशात आणि इयरफोन कानाबाहेर हवा. बोलणे अगदी गरजेचेच असेल तर कडेला थांबून बोला. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे घरातूनच बजावले पाहिजे.

परंतु सारा दोष पायी चालणाऱ्याच्या माथी मारणे आम्हास मान्य नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. हे सारे काय मोबाईल पाहत चालले होते? पायी चालतो कोण? नाक्यावरचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, शाळेत जाणारे पोर. त्यांच्या वाट्याला फुटपाथ नाही, झेब्रा पट्टे पुसलेले आणि सिग्नल असा की म्हातारा माणूस अर्ध्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच गाड्या सुटतात.

परदेशांत यावर दोन वाटा दिसतात. अमेरिकेतील होनोलुलू शहराने २०१७ साली फोन पाहत रस्ता ओलांडणाऱ्यास दंड ठेवला. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहराने २०१६ साली ट्रामच्या थांब्यावर जमिनीतच लाल दिवे बसवले, म्हणजे खाली पाहणाऱ्यालाही धोका दिसावा. एकाने माणसाला दंड केला, दुसऱ्याने रस्ता सुधारला. आम्हाला दुसरी वाट न्यायाची वाटते.

आपला कायदाही मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरणे हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्याने मृत्यू वा अपंगत्व आले तर कलम १९८-अ खाली जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो, असे स्पष्ट केले आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? वस्ती, शाळा, बाजार यांजवळचे धोक्याचे रस्ते हेरा. फोटोसह लेखी अर्ज महापालिकेला वा नगरपालिकेला द्या आणि पोच घ्या. उद्या दावा उभा राहिलाच तर ही पोच पुरावा म्हणून कामी येईल. फोटो काढायला मोबाईल हातात आहेच. काढताना मात्र कडेला उभे राहा!