नोंदणीकृत परिचारिकांचा पदवी-अभ्यासक्रम आणि रुग्णाची भाषा

‘उपचार’ आणि ‘परिचर्या’ हे दोन्ही शब्द ‘चर्’ या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. व्यवहारात मात्र उपचार डॉक्टरांकडे आणि परिचर्या परिचारिकेकडे अशी वाटणी झाली, आणि तिच्याबरोबर प्रतिष्ठेचीही वाटणी झाली. भारतात परिचर्येला विद्यापीठीय पदवीचे स्थान मिळाले ते १९४६ साली, दिल्ली आणि वेल्लोर येथे. तथापि त्यानंतरही दीर्घकाळ बहुसंख्य परिचारिका रुग्णालयांशी संलग्न असलेल्या शाळांतून पदविका घेऊनच सेवेत येत राहिल्या.

अशा परिचारिकांसाठी ‘पोस्ट बेसिक बी. एस्‌सी. नर्सिंग’ हा अभ्यासक्रम आहे. नियमित स्वरूपात तो दोन वर्षांचा असतो. परिचर्येची पदविका आणि राज्याच्या परिचर्या परिषदेकडील नोंदणी या त्याच्या प्रवेशासाठीच्या प्रमुख अटी होत. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिक येथे आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले; हा अभ्यासक्रम त्याच्या कक्षेत येतो. नोकरी सोडणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली तो दूरशिक्षणाच्या मार्गाने, तीन वर्षांच्या मुदतीचा, सुरू केला.

या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य असे की, येथील विद्यार्थिनी नवशिकी नसते. इंजेक्शन देणे, जखमेची पट्टी बदलणे, रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणे हे सर्व तिने केलेले असते. जे हाताला ठाऊक आहे त्याची कारणमीमांसा तिने करावी, एवढीच पदवीची अपेक्षा असते. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांची जोड दिलेली आहे. आणि परिचर्या-शिक्षण, परिचर्या-प्रशासन व संशोधन-संख्याशास्त्र यांचा परिचय करून देऊन तिला अध्यापिका व प्रशासिका होण्याची वाट मोकळी केलेली आहे.

भाषेचा विचार करता या रचनेत एक गोष्ट नजरेत भरते. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेल्या अभ्यासक्रमात इंग्रजी हा विषय आहे. त्यात उत्तीर्ण होणे आवश्यक, परंतु त्याचे गुण एकूण गुणांत धरले जात नाहीत. हिंदी अथवा स्थानिक भाषा मात्र संस्थेच्या गरजेनुसार शिकवावी, असा केवळ टीपेपुरता उल्लेख येतो. पाठ्यग्रंथ आणि रुग्णनोंदी इंग्रजीत असल्याने इंग्रजीची आवश्यकता नाकारता येणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. रुग्ण जे बोलतो आणि नोंदीत जे लिहिले जाते, या दोहोंमधील भाषांतर कोण करते? पुष्कळदा ते परिचारिकाच करते. मुंबईच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या अनेक परिचारिका आहेत. त्यांना हे काम दोन परक्या भाषांच्या मध्ये उभे राहून करावे लागते.

हे भाषांतर दिसते तितके सोपे नाही. मराठीत दुखण्याला एकच शब्द नाही. ‘कळ’ उठते आणि ओसरते. ‘ठणका’ ठोके पडावेत तसा चालू राहतो. ‘चमक’ हालचाल करताना अवचित भरते. ‘मुरडा’ पोटाचाच असतो. ‘रग’ एकाच स्थितीत राहिलेल्या अवयवाला लागते. तापात अंग ‘कसकसते’. या शब्दांत वेदनेचे स्थान, तिचा काल आणि तिची गती हे भेद अंतर्भूत आहेत. नोंदीत या सर्वांसाठी ‘पेन’ एवढाच शब्द उतरला, तर निदानाला उपयुक्त असा तपशील वाटेतच गळून पडतो. ‘छातीत कळ आली’ आणि ‘छातीत जळजळते’ या दोन वाक्यांतील अंतर ऐकणारीच्या ध्यानी आले नाही, तर त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागण्याचा संभव असतो.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’, म्हणजे आपली व्यथा सांगता येणे, हा एक गुण गणला आहे. परंतु सांगणे हे ऐकणाऱ्यावाचून पुरे होत नाही. परिचारकाच्या गुणांत तेथे उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता यांचा निर्देश आहे. आजच्या बहुभाषिक रुग्णालयाचा विचार करता, रुग्णाची भाषा जाणण्याचे सामर्थ्य त्यांत जोडावयास हवे.

हे सामर्थ्य सेवेतील परिचारिकेने अनुभवाने मिळविलेले असते. पदवी-अभ्यासक्रमात मात्र त्याला ज्ञान म्हणून स्थान नाही. ते देण्यासाठी नवी प्रश्नपत्रिका काढण्याची आवश्यकता नाही. संशोधनाच्या विषयात विद्यार्थिनींनी लहान गटांनी एखादा प्रकल्प करून अहवाल सादर करावा, अशी तरतूद आहेच. आपापल्या वॉर्डात रुग्ण वेदनेसाठी कोणते शब्द योजतात, त्यांपैकी कोणते नोंदीत पोहोचतात आणि कोणते हरवतात, हा अशा प्रकल्पाचा उत्तम विषय होईल. रुग्णाचे नाव न घेता केवळ शब्द आणि त्यांचा संदर्भ टिपला, तरी कार्यभाग साधेल.

यात भाषाशास्त्राचाही लाभ आहे. बोलींतील आजारवाचक शब्दसंपत्ती रुग्णशय्येजवळ जितकी मोकळेपणाने प्रकट होते, तितकी ती क्षेत्रीय पाहणीच्या प्रश्नावलीतून हाती येणे दुर्घट असते. तेव्हा भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या परिचारिकांकडे केवळ माहिती पुरविणाऱ्या म्हणून न पाहता सहसंशोधक म्हणून पाहावे. ज्या शब्दांचा अभ्यास आपण ग्रंथालयात करतो, त्यांवर विसंबून त्यांना रोज निर्णय घ्यावे लागतात.