कवळीवरील बुरशी आणि नॅनोकण

सातारा जिल्ह्यातील कराड येथे व सांगलीत दंत महाविद्यालये आहेत. तेथे कवळी बसवून घेणाऱ्या वृद्धांपैकी काहींना पुढे कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी छळते. ॲक्रिलिक कवळीच्या सूक्ष्म छिद्रांत ती चिवट थर धरते. टाळू लाल होऊन सुजतो आणि औषध त्या थरात सहजी शिरत नाही. म्हणून चांदी, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांचे नॅनोकण ॲक्रिलिकमध्येच मिसळण्याचा मार्ग अभ्यासला जात आहे. चांदीचे आयन बुरशीच्या पेशीपटलास इजा करतात. परंतु प्रमाण वाढताच कणांच्या गुठळ्या होतात व कवळीची ताकद घटते; चांदीने तिचा गुलाबी रंगही काळवंडतो, आणि अशी कवळी कोण लावील? शिवाय बहुतेक प्रयोग तोंडाबाहेरचे, प्रयोगशाळेतील आहेत. तोवर रात्री कवळी काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवणे हाच उपाय हाताशी राहतो.