गणिताची गोळी

१९३७ साल. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या एका इस्पितळाचे प्रमुख होते डॉ. चार्ल्स ब्रॅडली. मणक्यातलं पाणी काढून मेंदूचा क्ष-किरण फोटो घेतला की मुलांची डोकी ठणकत. त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखी काही फारशी हटली नाही. पण ३० पैकी १४ मुलं अशी अभ्यासाला लागली की शिक्षक थक्क झाले. मुलांनीच त्यांना नाव दिलं, ‘गणिताच्या गोळ्या’.

हे सारं मी वाचत बसलो ते नातवामुळे. वय ९. लक्ष टिकत नाही, चंचलता अती, असं निदान झालं आणि डॉक्टरांनी मिथिलफेनिडेट सुचवलं. (१९४४ मध्ये हे औषध बनवणाऱ्या पानिझ्झॉन यांच्या पत्नीचं नाव रिटा, म्हणून ‘रिटालिन’. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं!) सूनबाईनं विचारलं, ‘‘बाबा, उत्तेजक म्हणजे ताण वाढवणारंच ना? आधीच उधळलेल्या पोराला वर चाबूक कशाला?’’

प्रश्न रास्त आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. बँकेत सकाळी तिजोरीतून रोकड बाहेर यायची नि संध्याकाळी आत जायची, तसंच. हे औषध मेंदूतलं डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन लगेच परत शोषलं जाऊ देत नाही. म्हणून लक्ष ठरतं. त्याच ओघात कॉर्टिसॉलही काही काळ वाढू शकतं. मात्र मुलांच्या बाबतीतल्या मोजमापांत एकवाक्यता नाही: कुठे वाढ, कुठे फरकच नाही. शिवाय अशा काही मुलांत ते औषधाआधीच कमी आढळलं आहे. तेव्हा आकडा वाढला म्हणजे मूल ताणाखाली आलं, असं नव्हे. दुपारी एकदा गल्ला पाहून कोणी दिवसाचा हिशेब मांडत नाही.

मला काळजी भुकेची आणि झोपेची. अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या एका मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये आले. त्याच मुलांच्या पुढच्या पाहणीत, ३ वर्षांनी, सतत औषध घेणाऱ्यांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरनं कमी भरली.

सूनबाईनं हे सगळं डॉक्टरांपुढे ठेवलं. ठरलं ते असं: गोळी भरपेट न्याहारीनंतरच, दर तीन महिन्यांनी उंची, वजन, नाडी, रक्तदाब. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीची पहिली रेघ मी ओढली, शेजारी तारीख घातली. रात्री आठला भूक परत येते. तेव्हा वरणभात गरम लागतो, एवढं खातं माझ्याकडे आहे.